रिकाम्या रस्त्यांचा हिशेब

‘टाळेबंदीत निदान एक गोष्ट बरी झाली, अपघात थांबले,’ हे वाक्य गेल्या पाच वर्षांत मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. मोंढ्यातल्या टपरीवर ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले, आणि एकदा तर रस्ता सुरक्षेच्याच कार्यक्रमात व्यासपीठावरून ऐकले. सुरुवातीला मलाही ते खरे वाटत होते. २५ मार्च २०२० ला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवशी आमच्या गच्चीवरून दिसणारा औरंगाबाद रस्ता इतका मोकळा होता की दुभाजकावर शेळ्या चरत होत्या. अशा रस्त्यावर अपघात होणार तरी कसा?

पुढे आकडे हाती आले आणि हा समज डळमळीत झाला. मी विद्यापीठातला माणूस नाही. जालन्यातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात वीस वर्षे बिल्ट्या आणि हिशेब लिहिले, तेवढेच माझे शिक्षण. पण जमा-खर्च जुळत नसला की डोके खाजवायची सवय त्या नोकरीने लावली. हा लेख त्या सवयीतून आला आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढते. २०१९ साली देशात ४,४९,००२ अपघात झाले आणि १,५१,११३ माणसे मेली. २०२० साली अपघात ३,६६,१३८ झाले आणि मृत्यू १,३१,७१४. म्हणजे अपघात साडेअठरा टक्क्यांनी कमी झाले, मृत्यू मात्र तेराच टक्क्यांनी. (नंतरच्या अहवालांत हे आकडे सुधारून थोडे वाढवले आहेत, पण चित्र तेच राहते.) महाराष्ट्रात ही तफावत आणखी मोठी आहे. २०१९ साली राज्यात ३२,९२५ अपघात आणि १२,७८८ मृत्यू, २०२० साली २४,९७१ अपघात आणि ११,५६९ मृत्यू. अपघात २४ टक्क्यांनी उतरले, मृत्यू साडेनऊ टक्क्यांनी.

हेच दुसऱ्या तऱ्हेने मांडतो. २०१९ मध्ये राज्यात दर शंभर अपघातांमागे ३९ माणसे मरत होती, २०२० मध्ये ४६ मेली. जुनेच प्रमाण राहिले असते तर २०२० च्या अपघातांत सुमारे ९,७०० मृत्यू झाले असते. प्रत्यक्षात त्याहून अठराशेवर जास्त झाले. यातला काही भाग नोंदींचा असणार हे मान्य करायला हवे. पोलीस बंदोबस्तात अडकलेले असताना किरकोळ धडकेची फिर्याद द्यायला कोण जाणार? किरकोळ अपघात वहीत आलेच नाहीत तर उरलेले आपोआप जास्त जीवघेणे दिसतात. पण सगळे खापर नोंदींवर फोडता येत नाही, कारण २०२१ सालीही हे प्रमाण खाली आले नाही. त्या वर्षी राज्यात २९,४७७ अपघात झाले, म्हणजे २०१९ पेक्षा जवळजवळ साडेतीन हजार कमी. मृत्यू मात्र १३,५२८, म्हणजे २०१९ पेक्षा जास्त.

बाहेरच्या जगातही हेच घडले. अमेरिकेत २०२० मध्ये वाहनांची एकूण धाव सुमारे ११ टक्क्यांनी घटली, तरी रस्त्यावरचे मृत्यू ३६,३५५ वरून ३८,८२४ वर गेले. गाड्या कमी आणि मृत्यू जास्त हा प्रकार म्हणजे आपल्या लोकांच्या बेशिस्तीचा खास नमुना नव्हे. त्यामागे काही साधी कारणे आहेत, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढच्या साथीची तयारी करता येणार नाही.

मोकळा रस्ता म्हणजे काय

गर्दी ही आपल्या रस्त्यांवरची सर्वांत मोठी गतिरोधक आहे. जालना-औरंगाबाद रस्त्यावर एरवी बदनापूरच्या चौकात, शेकट्याला, करमाडला गाडी आपोआप हळू होते, कारण समोर ट्रॅक्टर असतो, काळीपिवळी असते, रस्ता ओलांडणारी शाळेची पोरे असतात. ही गर्दी निघून गेली की उरतो तो सरळ, रुंद, मोकळा डांबरी पट्टा. तासाला ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चारचाकीला, चालकाला अडथळा दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर साधारण ४५ मीटर लागतात. ९० च्या वेगाला ८० मीटरच्या वर लागतात. वेग दीडपट झाला, थांबायचे अंतर जवळपास दुप्पट झाले आणि धडकेतली ताकद सव्वादोन पट झाली, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा असा आहे की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. म्हणजे रस्त्यावर गाड्या निम्म्या राहिल्या तरी राहिलेल्यांचा वेग वाढला तर धोका निम्मा होत नाही.

दुसरी गोष्ट, रस्त्यावर उरले कोण? मोटारीतला मध्यमवर्ग घरात बसला. उरले ते दूधवाले, भाजीवाले, मालट्रक, दवाखान्यात ये-जा करणारे दुचाकीस्वार आणि पायी चालणारे. २०२० च्या देशभरातल्या रस्ते-मृत्यूंत सुमारे ४३ टक्के दुचाकीस्वार होते आणि १८ टक्क्यांच्या आसपास पादचारी. रस्ता रिकामा झाला तो पत्र्याच्या आत बसलेल्या माणसांनी. उघड्यावरची माणसे रस्त्यावरच राहिली, आणि त्यांच्या शेजारून जाणारा ट्रक पूर्वीपेक्षा वेगात जाऊ लागला.

तिसरी गोष्ट मला ट्रान्सपोर्टच्या अनुभवामुळे चटकन कळली. मालवाहतूक चालू ठेवायची असे सरकारने सुरुवातीलाच ठरवले, पण वाहतूक म्हणजे नुसता ट्रक नव्हे. चालकाला जेवण लागते, झोपायला खाट लागते, पंक्चर काढणारा लागतो. हे सगळे ढाब्यावर असते, आणि ढाबे बंद. महामार्गावरचे ढाबे आणि ट्रक दुरुस्तीची दुकाने उघडायला परवानगी मिळाली ती १५ एप्रिलच्या केंद्राच्या आदेशाने, २० एप्रिलपासून. तोवरचे जवळजवळ चार आठवडे चालकांनी बिस्किटांवर आणि केबिनमधल्या स्टोव्हवर काढले. अनेक क्लिनर गाडी सोडून गावी पळाले होते, त्यामुळे एकटाच चालक रात्र-रात्र गाडी ओढत होता. एरवी आमच्या ऑफिसात चालकाला ‘झोप काढून निघ’ म्हणण्याची पद्धत होती. तेव्हा झोपायचे कुठे, हाच प्रश्न होता. गावात थांबू देत नाहीत, पेट्रोल पंपावर थांबू देत नाहीत.

त्यात कागदपत्रांची मुदतवाढ. १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेली लायसन्स, परवाने आणि गाड्यांची फिटनेस प्रमाणपत्रे वैध धरावीत, असे केंद्राने ३० मार्च २०२० ला कळवले. मग ती मुदत जून, सप्टेंबर, डिसेंबर अशी वाढत वाढत अखेर ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत गेली. परिवहन कार्यालयात गर्दी नको हा हेतू योग्यच होता. लायसन्सची मुदत लांबली तर बिघडत नाही, कारण माणसाला गाडी चालवता येते ती कागदामुळे नव्हे. पण पासिंगची गोष्ट वेगळी. ब्रेक लायनर कागदावर झिजत नाही, चाकात झिजतो. मागचा लाल दिवा गेलेला, रेडियमची पट्टी मातीने झाकलेली, टायर गुळगुळीत झालेले, अशी गाडी पावणेदोन वर्षे विनातपासणी कायदेशीर फिरू शकत होती. दोन्ही कागदांना एकाच मापाने मोजणे ही त्या निर्णयातली चूक होती, असे माझे मत आहे.

कार्यक्रम कुठे गेले

आता वाहतूक सुरक्षेच्या कार्यक्रमांकडे येतो. आपल्याकडे त्यांचे स्वरूप ठरलेले आहे. जानेवारीत सप्ताह असतो, शाळेत व्याख्यान होते, हेल्मेटची फेरी निघते, चालकांसाठी नेत्रतपासणी शिबिर, चौकात पथनाट्य. ११ ते १७ जानेवारी २०२० चा एकतिसावा सप्ताह असाच पार पडला. दोन महिन्यांनी साथ आली आणि यातला एकूण एक कार्यक्रम बेकायदा ठरला, कारण प्रत्येकाला गर्दी लागते. कोणी मुद्दाम बंद केले नाहीत, ते आपसूक थांबले. पुढे १८ जानेवारी ते १७ फेब्रुवारी २०२१ असा पहिला राष्ट्रीय रस्ता सुरक्षा महिना झाला, तोवर मधले वर्ष सरकून गेले होते.

अंमलबजावणीचेही तेच. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पकडण्याचे यंत्र तोंडाने फुंकावे लागते. मार्च २०२० मध्येच मुंबईसह अनेक ठिकाणच्या पोलिसांनी ही तपासणी थांबवली. ३१ डिसेंबरच्या रात्रीसाठी मुंबईत मग रक्ततपासणीचा मार्ग घेतला गेला. यात पोलिसांना दोष देता येत नाही. नाकाबंदीवर उभे राहून शेकडो पोलीस आजारी पडले, कित्येक दगावले. पण तोंडाने फुंकायचे यंत्र बंद पडले म्हणून वेग मोजायची बंदूक बंद पडायचे कारण नव्हते. ती शंभर मीटरवरून काम करते, चलन मोबाईलवर जाते, पोलिसाला काचेजवळसुद्धा जावे लागत नाही. साथीच्या काळाला इतके सोयीचे साधन दुसरे नाही. तरीही रस्त्यावरच्या पोलिसाचे काम तेव्हा ‘कुठे चाललास’ हे विचारण्याचे होते, ‘किती वेगाने चाललास’ हे विचारण्याचे नव्हते. नाकाबंदीवर गाडी थांबत होती, पुढच्या नाकाबंदीपर्यंत पुन्हा भरधाव.

आणि नाकाबंदी हाही एक अडथळाच असतो. मार्च-एप्रिलमध्ये मराठवाड्यातल्या कितीतरी गावांनी गावबंदी केली. बाभळीच्या फांद्या, बैलगाडीचे जू, दगड, सिमेंटचे पाइप, जे मिळेल ते रस्त्यावर आडवे टाकले. भीतीपोटी केलेले होते, त्यावर आज हसण्यात अर्थ नाही. पण अंधारात त्यावर ना दिवा, ना रेडियम. माझ्या ओळखीचा एक दूधवाला पहाटे अशाच काट्यांवर आदळला आणि मनगट मोडून घेतले. नोंद कुठे झाली? कुठेच नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अपघात हा दवाखान्यावरचा भार असतो, हे साथीच्या काळात कुणाच्या हिशेबात नव्हते. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्याच गाड्या कोरोनाच्या रुग्णांसाठी धावत होत्या. रक्तदान शिबिरे थांबल्याने राज्यात रक्ताचा तुटवडा झाला आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे, जे आमच्याच जिल्ह्यातले, त्यांना लोकांना रक्तदानाचे आवाहन करावे लागले. मांडीचे हाड मोडून, रक्तस्राव होऊन आलेल्या एका जखमीला शस्त्रक्रिया लागते, रक्ताच्या पिशव्या लागतात, प्राणवायू लागतो, पुढे कित्येक दिवस खाट लागते. म्हणजे नेमके तेच सगळे, जे तेव्हा मिळत नव्हते. टाळलेला प्रत्येक अपघात हा मोकळा झालेला पलंग होता. काही शहरांनी हे ओळखले. कोलंबियातल्या बोगोटाने मार्च २०२० मध्येच बसमधली गर्दी टाळण्यासाठी मोठ्या रस्त्यांवर सायकलींसाठी तात्पुरत्या मार्गिका आखल्या. ब्रसेल्सने मे महिन्यात शहराच्या गाभ्यात पायी चालणाऱ्याला अग्रक्रम देऊन गाड्यांना ताशी २० किलोमीटरची मर्यादा घातली. आपल्याला सायकलींच्या मार्गिका नको होत्या. आपल्याला पायी चालणाऱ्यांचा रस्ता हवा होता.

सटाणा शिवार, ८ मे

इथपर्यंतचे आकडे रस्त्याचे होते. पण जालना जिल्ह्याच्या दृष्टीने त्या काळातला सर्वांत मोठा वाहतूक अपघात रस्त्यावर झालाच नाही.

गुरुवार, ७ मे २०२० ला बुद्धपौर्णिमा होती. त्या संध्याकाळी जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारे वीस मजूर पायी निघाले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ही माणसे. औरंगाबादमार्गे भुसावळ गाठायचे आणि तिथून श्रमिक रेल्वे पकडायची, असा त्यांचा बेत होता. या गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या. आपण घरी जाण्याच्या परवानगीसाठी अर्ज केला होता पण उत्तर आले नाही, असे वाचलेल्यांनी नंतर सांगितल्याचे वृत्तपत्रांत आले. रात्रभर रुळांवरून चालून, पस्तीस-चाळीस किलोमीटर तोडून ते बदनापूर आणि करमाडच्या मध्ये सटाणा शिवारात थांबले आणि तिथेच रुळांवर झोपले. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मनमाडच्या दिशेने जाणारी रिकाम्या टाक्यांची मालगाडी आली. सोळा जण गेले. थोडे बाजूला असलेले वाचले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र देशभर छापले गेले, ते वाचकांना आठवत असेल.

तेव्हा सर्वत्र एकच प्रश्न विचारला गेला, माणसे रुळावर झोपतात कशी? १५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयातही, लोक रुळांवर झोपले तर कुणी कसे अडवायचे, अशा अर्थाचा शेरा आला. या प्रश्नात उत्तराची अपेक्षा नव्हती. मी मात्र त्याला खरा प्रश्न समजून उत्तर शोधत गेलो.

रस्त्याने का गेले नाहीत? कारण रस्त्यावर नाकाबंदी होती आणि नाकाबंदीवर दंडुका होता. जिल्ह्याच्या सीमेवरून परत पाठवले जात होते. जालन्याहून भुसावळला जायचा जवळचा रस्ता भोकरदन, अजिंठ्याकडून जातो, दीडशे किलोमीटरच्या आसपास. रूळ मात्र आधी पश्चिमेला मनमाडला जातात आणि तिथून परत ईशान्येला वळतात, अंतर दुपटीहून जास्त. तरीही परक्या मुलखात रात्री चालणाऱ्याला रूळ सोयीचे. वाट चुकत नाही, पोलीस नाहीत, कुत्री नाहीत, गावबंदीचे काटे नाहीत, चढ-उतार बेताचे. वर पौर्णिमेचे चांदणे. आणि एक पक्की समजूत, की गाड्या बंद आहेत. ती समजूत वेडगळ नव्हती. २२ मार्चपासून प्रवासी गाड्या बंद असल्याचे साऱ्या देशाला ओरडून सांगितले गेले होते. मालगाड्या चालू आहेत हे तितक्याच मोठ्या आवाजात कुणी सांगितले नाही.

रुळावरच का टेकले? मे महिन्यात मराठवाड्यात रात्री उघड्यावर ज्याने मुक्काम केला आहे त्याला हे फार समजावून सांगावे लागत नाही. रुळांचा भराव शेतापेक्षा उंच असतो, खडीवर काटे नसतात, विंचू-किरडूचे भय कमी, वाराही लागतो. शेतात शिरले तर गावकरी हाकलतील ही धास्ती. रात्रभर चाललेल्या माणसाला पहाटे चार ते सहा ही वेळ सर्वांत गाढ झोपेची असते. रातपाळी केलेल्या कुठल्याही चालकाला विचारा, डुलकी येते ती याच वेळी.

आणि गाडी का थांबली नाही? रेल्वेने त्याच दिवशी सांगितले की लोको पायलटने माणसे पाहिली, गाडी थांबवायचा प्रयत्न केला, पण ती थांबू शकली नाही. हे पटण्यासारखे आहे. लोखंडावर लोखंडाची पकड रबराइतकी नसते. वेगात असलेली मालगाडी थांबायला पाचशे मीटरपासून एक किलोमीटरपर्यंत लागू शकतात, आणि पहाटेच्या अंधारात इंजिनाच्या दिव्यात जमिनीलगत पडलेला माणूस तेवढ्या अंतरावरून माणूस म्हणून दिसत नाही. दिसला तेव्हा उशीर झालेला असतो. त्या चालकाच्या हातात करण्यासारखे काही उरले नव्हते.

पण आदल्या दिवशी करण्यासारखे होते, आणि मुद्दा तोच आहे. रेल्वेत ‘कॉशन ऑर्डर’ नावाची जुनी पद्धत आहे. मार्गावर कुठे काम चालू असेल, रूळ कमजोर असेल, तर अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत वेग इतकाच ठेवा, असा लेखी आदेश चालकाला आधीच्या स्थानकावर मिळतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा पैसा लागत नाही. मजूर रुळांवरून चालत आहेत ही गोष्ट मे महिन्यापर्यंत गुपित राहिलेली नव्हती. परभणी-मनमाड हा तेव्हा एकेरी मार्ग होता, आणि प्रवासी गाड्या नसल्याने रुळांवर गर्दीही नव्हती. जिथे माणसे चालताना दिसली आहेत अशा टप्प्यांत रात्रीपुरता वेग ३० वर आणला असता तर मालगाडीला काही तासांचा उशीर झाला असता. वेग निम्मा झाला की थांबायचे अंतर जवळपास चौथाईवर येते. पण त्यासाठी नाकाबंदीवरच्या हवालदाराने पाहिलेली गोष्ट स्टेशन मास्तरपर्यंत पोचायला हवी होती. रस्ता एका खात्याचा, रूळ दुसऱ्याचे, मजूर तिसऱ्याचे आणि साथ चौथ्याची.

हिशेबातही हे सोळा जण नीट बसत नाहीत. रस्ते मंत्रालयाच्या अहवालात ते नाहीत, कारण रस्ता नव्हता. रेल्वे अपघात म्हणजे गाडी घसरणे, टक्कर, आग. रुळावर चिरडलेला माणूस त्यात मोजत नाहीत, तो अतिक्रमण करणारा ठरतो, आणि विनापरवाना रुळावर जाणे हा रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. रेल्वे मंडळाने माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार २०२० मध्ये देशभरात रुळांवर ८,७३३ जणांचा मृत्यू झाला. वर्षातला बराच काळ बहुतेक प्रवासी गाड्या बंद असताना हा आकडा आहे. रस्त्यावर मेलेल्या मजुरांची मोजणीही सरकारी नव्हे, सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने बातम्यांतून केलेली आहे. २५ मार्च ते ३१ मे या काळात किमान १९८ स्थलांतरित मजूर रस्ते अपघातांत गेले.

ऊसतोड मजुरांचे उदाहरण

यावर ‘एवढ्या मोठ्या संकटात कुणाला काय सुचणार’ असे म्हणणारे भेटतात. त्यांना मी ऊसतोड मजुरांची आठवण देतो. आमच्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातून आणि शेजारच्या बीडमधून हजारो कुटुंबे दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात तोडीला जातात. टाळेबंदी लागली तेव्हा राज्यातल्या ३८ साखर कारखान्यांच्या तळांवर सुमारे १ लाख ३१ हजार मजूर अडकले होते. १७ एप्रिलला राज्य सरकारने त्यांना घरी सोडण्याचा आदेश काढला. जबाबदारी कारखान्यावर टाकली. तपासणी करायची, याद्या करायच्या, गावाला आधी कळवायचे आणि वाहनाने पोचवायचे. त्यात गैरसोय झाली, काही गावांनी आत घेताना कटकटही केली. पण माणसे गाडीत बसून गेली.

म्हणजे सटाण्याच्या घटनेच्या तीन आठवडे आधी याच राज्यात हे जमले होते. फरक इतकाच की ऊसतोड मजुरांना मुकादम होता, कारखान्याची यादी होती, संघटना होती, आणि विधानसभेत त्यांच्यासाठी बोलणारे होते. ते याच राज्यातले मतदार होते. शहडोलच्या पोरांसाठी जालन्यात यातले काही नव्हते. माझ्या मते वाहतूक सुरक्षेचा साथीच्या काळातला सर्वांत मोठा कार्यक्रम ही अशी यादीच असते. कोण कुठून कुठे जाऊ पाहतो आहे हे माहीत असेल तर त्याला वाहन देता येते, निदान सुरक्षित वाट दाखवता येते. चालणाऱ्याला ‘नियम मोडणारा’ न म्हणता ‘वाहतूक’ म्हटले की पुढचे बरेचसे सुचत जाते.

२००५ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते आणि त्याचा आराखडा असतो. रस्ता सुरक्षा समितीही असते. या दोन बैठका एकमेकींना भेटत नाहीत. एकीत पूर, भूकंप, साथ, दुसरीत अपघातप्रवण ठिकाणे आणि गतिरोधक. दोन वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात एक पानी निवेदन दिले. त्यात पाचच गोष्टी होत्या. साथ जाहीर होताच पहिल्या दिवसापासून महामार्गावरचे ठरावीक ढाबे चालू ठेवावेत. नाकाबंदीच्या प्रत्येक अडथळ्यावर रेडियम आणि दिवा सक्तीचा करावा. वेगमापक गाड्या नाकाबंदीच्या कामातून वगळाव्यात. मालवाहू गाडीच्या पासिंगला मुदतवाढ द्यायचीच तर नाक्यावर ब्रेक, टायर आणि मागचे दिवे एवढे तरी तपासावेत. आणि पायी जथे दिसले तर तहसीलदाराने दर दहा-बारा किलोमीटरवर शाळेत मुक्कामाची सोय करावी आणि त्याच वेळी जवळच्या स्टेशन मास्तरला फोन करावा.

कारकुनाने कागद वाचला. ‘काका, हे आरोग्याचं आहे की वाहतुकीचं? कुठल्या टेबलाला टाकू?’ त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. आवक नोंदीच्या रजिस्टरमध्ये त्याने विषयाचा रकाना थोडा वेळ रिकामा ठेवला, मग ‘इतर’ असे लिहिले, शिक्का मारला आणि पोच दिली. ती माझ्याकडे आहे.